दोन लाल ठिपके

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं. बायकोला एकदा अर्धीमुर्धी सांगितली, मुलाला कधीच नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिच्यासमोर उभं राहूनही तोंड उघडलं नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. तरीही आपणहून लिहायला बसलो असतो असं नाही. मुलानं बसवलं, आणि तेही वेगळ्याच कामासाठी.

मुलाचं जुळे सोलापूर या नव्या वस्तीत चष्म्यांचं शोरूम आहे. माझं नवी पेठेतलं दुकान बंद केलं तेव्हा उरलेल्या फ्रेमा मी एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी त्यानं शोरूमच्या भिंतीत काचेचं कपाट करून घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, तुमच्या जुन्या फ्रेमा इथं मांडू. प्रत्येकीखाली एक चिठ्ठी लावू. कोणत्या काळातली, कोण घालायचं, दोन ओळी लिहून द्या. पोरं फोटो काढतात असल्या गोष्टींचे."

मला बरं वाटलं. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. पहिल्या काही भराभर झाल्या. काळी जाड कचकड्याची शेल फ्रेम: कचेरीतले कारकून, शाळामास्तर, एका फ्रेमीत निवृत्त होणारी माणसं. सोनेरी तारेची गोल: वकील आणि म्हातारे व्यापारी, काच फुटली तर बदलायची, तार मुलाकडे जायची. कोपरे वर उचललेली, मांजरीच्या डोळ्यांसारखी: शिक्षिका आणि नर्सबाई. आमच्या मोहोळकडची शेतकरी माणसं यातल्या कशातच नव्हती. त्यांना चष्मा लागायचा तो पन्नाशीनंतर, आणि मग बाजारात मिळेल तो डोळ्याला लावून, "व्हय, यातनं दिसतंय की," म्हणत ते घेऊन जायचे. माझ्या वडिलांना तर माझा धंदाच पसंत नव्हता. "चष्मेवाला मानूस लई लबाड दिसतो बघ," ते म्हणायचे. "डोळं कुटं बगतेत त्येच कळत न्हाय."

ट्रंकेच्या तळाशी एक काळी, लहान, साधी फ्रेम डबीत होती. तिच्यात काचा बसवलेल्या होत्या. ती हातात आली आणि माझं लिहिणं थांबलं.

आता जे सांगायचं ते नीट कळावं म्हणून आमच्या कामातली एक बाब आधी सांगतो. चष्म्याच्या काचेला एक मध्य असतो. काच फ्रेमीत बसवताना तो मध्य बरोबर बुबुळासमोर यावा लागतो. त्यासाठी दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर सहा इंची पट्टी आडवी धरायची आणि समोरून बघायचं, इतकंच. नंबर लहान असेल तर माप थोडं चुकलेलं खपून जातं. नंबर मोठा असेल आणि मध्य सरकलेला असेल, तर डोळे दिवसभर एकमेकांशी ओढाताण करतात. डोकं दुखतं, जवळची वस्तू हलते, एकाच्या दोन दिसतात.

पुरुषांच्या नाकावर पट्टी धरायला काही अडचण नव्हती. बायकांची होती. त्या काळी परक्या बाईच्या चेहऱ्याला हात लावायची रीत नव्हती. माझ्या ओळखीच्या चष्मेवाल्यांत कुणाची बायको, कुणाची बहीण आतून यायची, पट्टी धरायची आणि आत जायची. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायको मोहोळला घरच्यांबरोबर होती. तेव्हा मी वेगळा मार्ग काढला होता. बाईचा जुना चष्मा मागून घ्यायचा, त्यातलं माप काढायचं आणि तेच नव्यात घालायचं. मोठ्या माणसाचं ते अंतर बदलत नाही, त्यामुळे कधी तक्रार आली नव्हती. उलट लोक कौतुक करायचे, की यांना पट्टी लागत नाही. मी पाटीवरही रंगवून घेतलं होतं: अचूक नंबर, अचूक माप.

दुकान पाच फूट रुंद आणि अकरा फूट लांब. दोन्ही भिंतींना आरसे, मध्ये काउंटर, मागे काच घासायचं चाक. काउंटरच्या आत मी एकदा शिरलो की फळी उचलल्याशिवाय बाहेर येता यायचं नाही.

मोठ्या फ्रेमांची लाट आली ती याच सुमाराला. भुवयांच्या वर सुरू होऊन निम्म्या गालापर्यंत उतरणाऱ्या, तपकिरी, मधासारख्या अर्धपारदर्शक. तरुण पोरं सावलीतही गॉगल घालून चौकात उभी राहायची. मुली साप्ताहिकातून कापलेलं चित्र घडी करून आणायच्या आणि काउंटरवर उलगडायच्या. मुंबईहून माझं पहिलं खोकं आलं तेव्हा मी त्या फ्रेमा आरशासमोर अशा लावल्या, की दुकानात येणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये.

ती आली तेव्हा तिच्या हातात चित्र नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि जुना चष्मा. वय एकोणीस-वीस असेल. घर विणकरांचं, साखर पेठेकडचं, घरात तेलुगू. वडील मागावर कामाला होते आणि ही घरी बसून चादरींचे ग्राफ काढायची. ज्यांनी ते काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: चादरीवर फूल, मोर, जे काही उमटतं ते आधी चौकोनांच्या कागदावर काढावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक धागा. हजारो चौकोन मोजून रंगवायचे, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि पुठ्ठे मागावर चढवायचे. एक चौकोन चुकला तर ती चूक प्रत्येक चादरीवर उतरते. तिला हे काम तिच्या मोठ्या चुलत्यानं शिकवलं होतं. बाईमाणसाला कारखान्याचा मालक घरपोच ग्राफ पाठवतो, ही त्या गल्लीत मोठी गोष्ट होती.

जुन्या चष्म्याची एक दांडी मोडलेली होती आणि तिला चादरीचं निळं सूत गुंडाळलेलं होतं, इतकं घट्ट आणि एकसारखं की मी आधी ती नक्षीच समजलो.

"अण्णा, असलीच द्या की ओ. छोटी, काळी. मला काय मिरवायचं नाही."

"आता असल्या कोण घालतंय? ही बघा."

मी मोठी फ्रेम पुढे केली. तिनं ती घातली, आरशात पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. "अय्यो! निम्मं तोंड काचेतच गेलं की."

"छान दिसतंय. हल्ली सगळ्या हीच घेतात."

ती आरशाकडे एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघत राहिली. दुसऱ्या भिंतीच्या आरशातही ती दिसत होती. शेवटी म्हणाली, "घरी हसतील. पण द्या."

मी जुन्या चष्म्यावरून माप काढलं, तो तिला परत दिला आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. तो चष्मा तिला कधी केला होता हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, की पाचवीत असताना. पुढं कळलं, की मधल्या वर्षांत काचा बदलल्या पण फ्रेम तीच होती, आणि दर वेळी कुणीतरी जुन्यावरूनच माप घेतलं होतं. दहा वर्षांच्या पोरीचं माप मी वीस वर्षांच्या बाईच्या चष्म्यात घातलं. पूर्वीचा नंबर कमी होता म्हणून निभावलं. या वेळी तो दुपटीवर गेला होता.

चष्मा नेल्यावर पाचव्या दिवशी ती आली. "डोकं लई दुखतंय, अण्णा."

"नवीन नंबर आहे. आठ दिवस घाला, सवय होईल."

हे वाक्य आमच्या धंद्यात सगळेच बोलतात. दहातल्या नऊ जणांना खरंच सवय होते. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "चौकोनं सरकतेत. तीस मोजते, रंगात कुंचला बुडवून परत बघते तर कुठं होते तेच कळत नाही. संध्याकाळी एकाचे दोन होतेत."

"काढून ठेवता का मधूनमधून? सारखा घाला. सवय होईल."

तिसऱ्यांदा ती वडिलांबरोबर आली. दुकानात त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं होती आणि जागा इतकीच, की तिचे वडील पायरीवरच उभे राहिले. त्यांनी तिथूनच बोलायला सुरुवात केली.

"चष्मेवाले, मालकानं बोलावून घेतलं मला. पोरीनं फूल बिघडवलं म्हणे. कमळाला एकीकडं चार पाकळ्या, एकीकडं पाच. चाळीस चादरी निघाल्यात तशा."

गिऱ्हाइकांतला एक जण म्हणाला, "चादर अंगावर घेऊन पाकळ्या कोण मोजतंय हो?"

"मालक मोजतो," ते म्हणाले.

मी तिच्याकडून चष्मा मागून घेतला. काचेचा मध्य शोधायची आमची एक साधी पद्धत होती. कागदावर फुली काढायची, काच तिच्यावर धरून हलवायची. रेघा जिथं न तुटता सरळ दिसतात तिथं शाईचा ठिपका द्यायचा. मी लाल शाईचे दोन ठिपके दिले आणि चष्मा तिला घालायला दिला.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मधे काउंटर होता. पट्टीची गरजच नव्हती. दोन्ही ठिपके बुबुळांसमोर नव्हते. ते आत, नाकाकडे सरकलेले होते, एकमेकांच्या जवळ, लहान मुलाच्या डोळ्यांच्या जागी.

मी ते पाहिलं. त्याच क्षणी सगळं समजलं. तिला अर्थातच काही दिसत नव्हतं. ठिपके तिच्या डोळ्यांपुढे दोन लाल ढगांसारखे असतील. ती वाट बघत होती. पायरीवर तिचे वडील वाट बघत होते. दोन गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत होती. आणि माझ्या डोक्यावर पाटी होती.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं. मी फडकं शोधू लागलो तसं तेच म्हणाले, "मी घरात पहिल्या दिवशीच बोललो होतो. एवढं मोठं कशाला डोळ्यावर? फॅशन पाहिजे होती हिला. फॅशनमुळंच होतंय ना हे?"

मी होय अशी मान हलवली. मी खोटं एक शब्द बोललो नाही, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला समजावत असे. फक्त मान हलवली.

ती म्हणाली, "अण्णांनीच दिली होती ती. मी छोटी मागत होते."

"गप," वडील म्हणाले, आणि तेलुगूत आणखी काहीतरी बोलले. तिनं चष्मा काढला. मी तिच्या हातातून चष्मा घेतला, फडक्यानं दोन्ही ठिपके पुसले आणि म्हणालो, "नंबर बरोबर आहे." नंबर बरोबर होताच.

ते गेल्यावर मी थांबलेल्या एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी सरळ करून दिली. त्यानं जाताना सांगितलं, "हल्लीच्या पोरी! बरं सांगितलंत तुम्ही."

दुसऱ्याच दिवशी मी मुंबईहून तिच्या नंबरच्या नव्या काचा मागवल्या. ठिपके कुठं होते आणि बुबुळं कुठं, हे मला पक्कं आठवत होतं. माप काढायला अडचण नव्हती. काचा आल्या. मी त्या स्वतः घासल्या, लहान काळ्या फ्रेमीत बसवल्या, दोनदा तपासल्या. आयुष्यात मी त्याहून चांगला चष्मा केला नाही. तो डबीत घातला आणि ती येण्याची वाट पाहू लागलो. ती आली नाही. का येईल? दोष फॅशनचा आहे असं मीच सांगितलं होतं, आणि फॅशनसाठी पुन्हा चष्मेवाल्याकडे कोण पाठवतं?

महिनाभरानं डबी खिशात घालून मी तिच्या गल्लीत गेलो. घर विचारायची गरज पडली नाही. ती दारातच बसली होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. ती विड्या वळत होती. ग्राफ दुसरीकडे गेले होते. विड्या वळायला डोळे लागत नाहीत, बोटांना कळतं. तिनं चष्मा घातलेला नव्हता.

मी तिच्यापासून दहा पावलांवर थांबलो. तिनं वर पाहिलं. डोळे बारीक केले, मान थोडी पुढं काढली. मी भर उन्हात तिच्यासमोर उभा होतो आणि मी कोण हे तिला दिसत नव्हतं. कोणीतरी उभं आहे, एवढंच. क्षणभर थांबून तिनं मान खाली घातली आणि बोटं पुन्हा चालू लागली.

एवढं बोलायचं होतं: हा घ्या, यातून नीट दिसेल. पण ती विचारणार, मग आधीच्यातून का दिसत नव्हतं? आतून वडील येणार. शेजारच्या ओट्यांवर बायका होत्याच. मी वळलो. पाठमोरा मीही तिला दिसलो नसेन.

त्यानंतरची वर्षं मी त्याच पाच फुटांत काढली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी विड्या पोचवायला जाणाऱ्या बायका आमच्या रस्त्यानं जायच्या. ती त्यांच्यात असायची. रस्ता ओलांडताना पुढच्या बाईच्या पदराचं टोक धरायची. मी चाकाकडे तोंड करायचो. पण दोन्ही भिंतींना आरसे होते. पाठ केली तरी ती दोनदा दिसायची, एकदा जाताना आणि एकदा, उलट्या बाजूला, येताना असावी तशी. मी आरसे काढून टाकावेत असा विचार केला. चष्म्याच्या दुकानात आरसा नाही, हे कसं सांगणार?

फॅशन मात्र पुढं गेली. मोठ्या फ्रेमा एके वर्षी कुणी फुकट घेईना. सोनेरी अर्ध्या फ्रेमा आल्या, खालच्या बाजूला नुसता नायलॉनचा दोरा. मग फ्रेमच नाही, काचेला भोक पाडून दांडी. मग टिकलीएवढ्या आयताकृती काचा आल्या, ज्यातून माणूस जेमतेम स्वतःचं ताट बघू शकेल. काच जाऊन प्लॅस्टिक आलं, माझं घासायचं चाक बसलं. दर चार-पाच वर्षांनी मी जुना माल काढून टाकायचो आणि दर वेळी ती डबी हातात यायची. एकदा बायकोला सापडली. ती आता सोलापुरातच राहायला आली होती आणि बायकांच्या नाकावर पट्टी धरायचं काम तीच करायची.

"हा कुणाचा? तयार करून ठेवलाय आणि नेला नाही?"

मी थोडं सांगितलं. माप चुकलं होतं असं सांगितलं. मान हलवल्याचं सांगितलं नाही.

"मग जाऊन द्या की. त्यात काय एवढं? माणूस चुकतो."

"बघू. उद्या."

बायको आठ वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत मधेच कधीतरी विचारायची, "दिला का हो तो चष्मा?"

तर मुलाच्या कपाटाबद्दल सांगत होतो. चिठ्ठ्या लिहिताना ती डबी मी बाजूला काढली होती. मुलानं संध्याकाळी येऊन सगळं गोळा केलं तेव्हा तीही उचलली. "ही तर अगदी नवी आहे, आप्पा! ही लावायचीच." नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. ती कपाटात मधोमध बसली. तिची चिठ्ठी तेवढी राहिली. "लिहून द्या सावकाश," तो म्हणाला.

मी दुपारी शोरूममध्ये जाऊन बसतो. काम काही नसतं. एसी असतो, सगळीकडे आरसे असतात, आणि भिंतींवर पुन्हा त्याच फ्रेमा आहेत: भुवयांच्या वरून निम्म्या गालापर्यंत, मधाच्या रंगाच्या. मुलाला वाटतं ही नवी फॅशन आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी आजीला घेऊन आली. मुलगी चादरी-टॉवेलांच्या डिझाइनचा कोर्स करते, कॉम्प्युटरवर. नंबर मोठा. तिनं सरळ मोठी फ्रेम उचलली.

"ती नको," आजी म्हणाली.

आवाजावरून मी ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखायला मला वेळ लागला असता.

"आज्जी, कॉलेजात सगळ्या घालतात की."

"घालू देत. मी पण घातली होती एकदा. डोळं गेलं, काम गेलं. फॅशन नडली मला."

मुलगा हसून म्हणाला, "आजी, मोठ्या फ्रेमीनं डोळे जात नसतात हो."

"तू काल जन्मलास. तुझ्या वडिलांना विचार. त्यांच्याच दुकानातनं घेतली होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिला आता लांबचं स्वच्छ दिसत होतं. "ओळखलं का, अण्णा? विसरला असाल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मुलगा म्हणाला, "आप्पा?"

बोलायची हीच वेळ होती. मी बोललो. म्हणालो, "तेव्हा मशीन नव्हतं. आता मशीन माप घेतं, त्रास होत नाही. घेऊ द्या पोरीला."

माझ्या शर्टाच्या खिशात त्या काळी सहा इंची पट्टी असायची. तेवढंच मशीन लागत होतं.

"बघ, ते स्वतः सांगतेत," ती नातीला म्हणाली. "तेव्हा मशीन नव्हतं, त्यांचा काय दोष?" आणि मग मला, अगदी घरच्यासारखं, "तुम्ही तरी किती वेळा सांगितलं की ओ, सवय होईल म्हणून. मलाच सवय करता आली नाही."

मुलानं नातीचं माप घ्यायला टॅब समोर धरला. पडद्यावर तिचा चेहरा आला आणि बुबुळांवर आपोआप दोन ठिपके उमटले. हिरवे. बरोबर मधोमध. मी तिकडून नजर काढली तर आजी काचेच्या कपाटासमोर उभी होती.

"हा बघ," तिनं मुलाला हाक मारली. "असला पाहिजे होता मला. छोटा, काळा."

मुलगा उत्साही आहे. त्यानं कपाट उघडून चष्मा तिच्या हातात दिला. "घालून बघा की, आजी. आप्पांच्या हातचा आहे."

तिनं तो घातला. नाकावर बरोबर बसला, कुठं सरकला नाही. ती आरशाकडे वळली, मग माझ्याकडे, आणि हसली. "काहीच दिसत नाही ओ यातनं. नुसता धूर." ऑपरेशननंतर तिचा तो नंबर उरलाच नव्हता. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि दांड्या मिटून माझ्या पुढ्यात धरला.

"कुणाचा नंबर आहे हो हा, अण्णा? एवढा चांगला करून ठेवलेला, आणि नेला नाही कुणी?"

मी तो घेतला. तिची बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली होती. मी म्हणालो, "आठवत नाही. फार जुनी गोष्ट आहे."

त्या गेल्या. चष्मा परत कपाटात गेला. परवा नात एकटीच दांड्या घट्ट करून घ्यायला आली होती. आजी कशी आहे विचारलं तर म्हणाली, गुडघे दुखतात, आता बाहेर पडत नाही. घर कुठं आहे हे मला माहीत आहे. गल्लीही तीच आहे. मी दोनदा रिक्षाला हात केला आणि दोनदा नको म्हणालो.

मुलगा रोज विचारतो, त्या काळ्या फ्रेमीची चिठ्ठी झाली का. लिहून झाली आहे. माझ्या खिशात आहे. तिच्यावर फ्रेम कोणत्या काळातली आणि कोण घालायचं हे काही नाही. एवढंच आहे:

हा चष्मा तुमचा आहे, बाई. माप मी चुकलो होतो. मला त्याच दिवशी दिसलं होतं. फॅशनचा दोष नव्हता, आणि तुमचा तर नव्हताच. मला माफ करा.